ओरड क्रेडिट कार्डाची, गळती डेबिटची

मॅडम, नमस्कार. येवल्यात आमचं पैठणीचं दुकान आहे. मिस्टर आणि धाकटे दीर मागावर बसतात, दुकान मी बघते. शिर्डीला आलेली माणसं वाट वाकडी करून आमच्याकडे येतात. त्यात हैदराबाद आणि सुरतकडची पुष्कळ, आणि त्यांच्या हातात कार्डच असतं. परवा सीएंनी बँक चार्जेसचा वर्षाचा आकडा मागितला म्हणून बेरीज मारली, तर ४८ लाखांची विक्री कार्ड मशीनवरून झालेली आणि त्यात १,२४,६०८ रुपये मशीनच्या नावाने गेलेले. दुकानात मदतीला असलेल्या मुलीला मी महिन्याला दहा हजार देते. म्हणजे तिच्या वर्षाच्या पगाराहून जास्त! शेजारचे दुकानदार कार्ड पुढे आलं की दोन टक्के वर लावतात. मीही लावू का? की कार्ड घेणं बंदच करू? एक एजंट ‘झिरो चार्जेस’चं मशीन घ्या म्हणून रोज फोन करतो. नणंदेचं पर्स-बटव्यांचं छोटं दुकान आहे, वर्षाची विक्री चौदा लाखांच्या आत. तिलाही हाच दर लावलाय. मे महिन्याच्या स्टेटमेंटचे फोटो सोबत पाठवते. या क्रेडिट कार्डांनी आमचं कंबरडं मोडलंय. कृपया नाव छापू नये.
— येवल्याची एक दुकानदार

ताई, नमस्कार.

तुमचे फोटो मोठे करून, एकेक ओळ वाचून काढली. बँकेत अठ्ठावीस वर्षं काढल्यामुळे असं स्टेटमेंट हातात आलं की मी आधी शेवटची बेरीज बघत नाही, मधल्या ओळी बघते. तुमच्या स्टेटमेंटमध्ये १८ मेची एक ओळ आहे. दुपारी पावणेचारची वेळ, रक्कम ३२,५०० रुपये, कार्डाचा प्रकार रुपे डेबिट. त्यापुढे एमडीआरच्या (म्हणजे कार्डाने पैसे घेतल्याबद्दल बँक दुकानदाराकडून कापते त्या शुल्काच्या) रकान्यात ६१७ रुपये ५० पैसे आणि त्यापुढे जीएसटी १११ रुपये १५ पैसे. त्या एका पैठणीमागे तुमचे ७२८ रुपये ६५ पैसे कापले गेले. कापले जायला हवे होते शून्य.

शून्य हा शब्द मी जपून वापरते आहे. कोणा मॅनेजरने मेहेरबानी म्हणून द्यायची ही सवलत नाही. १ जानेवारी २०२० पासून रुपे डेबिट कार्ड आणि यूपीआय यांवर दुकानदाराकडून एमडीआर घ्यायचा नाही, असा कायदाच आहे. रक्कम तीनशेची असो की पन्नास हजारांची. तुमच्या मे महिन्याच्या यादीत रुपे डेबिटचे व्यवहार मिळून ७० हजार रुपयांचे आहेत आणि प्रत्येकावर १.९ टक्का लागलाय. म्हणजे १,३३० रुपये.

आता व्हिसा आणि मास्टरकार्डच्या डेबिट कार्डांकडे या. ती फुकट नाहीत, पण त्यांच्यावर किती घ्यायचं याला रिझर्व्ह बँकेने लगाम घातलेला आहे. डिसेंबर २०१७ मध्ये परिपत्रक निघालं आणि १ जानेवारी २०१८ पासून ते लागू झालं. ज्या दुकानाची मागच्या आर्थिक वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर आहे, त्याच्याकडून मशीनवरच्या डेबिट व्यवहाराला जास्तीत जास्त ०.९० टक्का घेता येतो, आणि एका व्यवहाराला १,००० रुपयांच्या वर जाता येत नाही. तुम्ही या गटात येता. नणंदबाईंची विक्री २० लाखांच्या आत आहे, त्यांना ०.४० टक्का आणि एका व्यवहाराला फार तर २०० रुपये. तुमच्या यादीत असे डेबिट व्यवहार १ लाख ४० हजारांचे आहेत. १.९ टक्क्याने २,६६० रुपये कापले. ०.९० ने १,२६० व्हायला हवे होते. फरक १,४०० रुपयांचा.

हे दोन आकडे एकत्र करा. १,३३० आणि १,४०० मिळून २,७३० रुपये. त्यावरचा जीएसटी वेगळा. एका मे महिन्यात तुमच्या खिशातून नियमाबाहेर गेलेले हे पैसे आहेत आणि त्यांचा क्रेडिट कार्डाशी काहीही संबंध नाही. मे महिना लगीनसराईचा, त्यामुळे विक्री मोठी हे खरं. पण कार्डांचं प्रमाण वर्षभर साधारण असंच असेल, तर ४८ लाखांवर हा आकडा वर्षाला वीस हजारांच्या पुढे जातो.

हे झालं कसं, तर तुम्हीच पत्राच्या मागे लिहिलंय. मशीन बसवायला आलेला माणूस म्हणाला होता, ‘ताई, तुम्हाला हिशेबाची कटकट नको, सगळ्या कार्डांना एकच रेट लावून देतो.’ तो माणूस लबाड होता असं मला म्हणायचं नाही. त्याला त्या महिन्याचं टार्गेट होतं, तुम्हाला मशीन हवं होतं, आणि ‘एकच रेट’ ऐकायला बरं वाटतं. पण डेबिटला आणि क्रेडिटला एकच दर म्हणजे जिथे तुम्हाला कायद्याचं संरक्षण होतं ते तुम्ही न कळत सोडून दिलंत. मी शाखेत असताना करंट अकाउंटवाले व्यापारी माझ्यासमोर बसून ‘रेट कमी करा’ म्हणायचे. त्यातल्या फारच थोड्यांनी कधी ‘माझ्या डेबिट कार्डांचा रेट काय लावलाय?’ असं विचारलं. याची मला तेव्हाही हळहळ वाटायची. कारण पहिल्या मागणीला बँक नाही म्हणू शकते. दुसऱ्या प्रश्नाला तिला उत्तर द्यावंच लागतं.

म्हणून पहिलं काम हे करा. फोटो नकोत. बँकेच्या मर्चंट पोर्टलवरून मागच्या वर्षाचे बाराही महिने एक्सेलमध्ये उतरवून घ्या, किंवा शाखेकडून ईमेलवर मागवा. त्यात कार्डाचा प्रकार हा रकाना असायलाच हवा. नसेल तर ‘कार्डाच्या प्रकारानुसार तपशील द्या’ असं लेखी मागा. मुलगा बारावीत आहे म्हणालात ना, त्याला बसवा. रुपे डेबिट एकीकडे, बाकी डेबिट दुसरीकडे, देशातलं क्रेडिट तिसरीकडे, आणि परदेशी किंवा कंपनीची कार्डं चौथीकडे. तासाभराचं काम आहे. मग शाखा व्यवस्थापकांच्या नावे अर्ज द्या. मजकूर मीच लिहून देते, आकडे तुमचे घाला:

‘आमच्या दुकानातील कार्ड मशीनवर (मशीनचा क्रमांक अमुक) रुपे डेबिट कार्डाच्या व्यवहारांवर १.९ टक्के एमडीआर आकारला जात आहे. १ जानेवारी २०२० पासून या कार्डांवर एमडीआर शून्य आहे. तसेच इतर डेबिट कार्डांवर रिझर्व्ह बँकेने ठरवून दिलेल्या ०.९० टक्के कमाल मर्यादेपेक्षा जास्त आकारणी झाली आहे. व्यवहारांची तारीखवार यादी सोबत जोडली आहे. जादा आकारलेली रक्कम जीएसटीसह आमच्या खात्यात परत जमा करावी आणि यापुढे कार्डाच्या प्रकारानुसार दर लावून त्याचे लेखी पत्र द्यावे.’

दोन प्रती काढा. एकीवर शाखेचा शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. ‘मेल करतो मॅडम’ यावर विसंबून परत फिरू नका, ही मी हात जोडून विनंती करते. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा टोलवाटोलवीचं आलं, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. ती ऑनलाइन होते, फी लागत नाही, वकील लागत नाही. १४४४८ या क्रमांकावर माहिती मिळते. शिक्का मारलेली ती प्रत तेव्हा कामी येते.

आता क्रेडिट कार्ड. इथे मला तुम्हाला निराश करावं लागतंय, कारण क्रेडिट कार्डावरच्या एमडीआरला रिझर्व्ह बँकेने कमाल मर्यादा घातलेली नाही. तो तुमच्यात आणि बँकेत ठरतो. तुमचे १.९ टक्के जातात कुठे, हे समजून घेतलंत तर किती ताणायचं ते कळेल. समजा सुरतच्या बाईंनी २० हजारांची पैठणी घेतली. ३८० रुपये कापले गेले. त्यातला मोठा वाटा त्यांना कार्ड देणाऱ्या बँकेला जातो. त्यांना जे रिवॉर्ड पॉइंट मिळतात, त्यातले बरेचसे याच पैशातून येतात. थोडा वाटा व्हिसा किंवा मास्टरकार्डचा. उरलेलं तुमच्या मशीनवाल्या बँकेचं. पहिल्या दोन वाट्यांना तुमची बँकही हात लावू शकत नाही. घासाघीस होते ती फक्त या शेवटच्या वाट्यावर. म्हणून कोणी क्रेडिट कार्डाला अर्धा टक्का रेट देतो म्हणाला, तर तो उरलेले पैसे दुसरीकडून काढणार हे धरून चाला.

तुमच्या मे महिन्यात देशातल्या क्रेडिट कार्डांचे ३ लाख ८० हजार आहेत, परदेशी आणि कंपनीच्या कार्डांचे ५० हजार. मी तुमच्या जागी असते तर देशातल्या कार्डांना १.६ टक्के मागितले असते आणि परदेशी कार्डांना २.६ पर्यंत तयारी ठेवली असती, कारण ती बँकेलाही महाग पडतात. हे मिळालं तर क्रेडिटचे ८,१७० रुपयांचे ७,३८० होतील. ७९० रुपये वाचतील. डेबिटमध्ये वाचणाऱ्या २,७३० च्या शेजारी हा आकडा ठेवून बघा, म्हणजे मी आधी डेबिटच्या मागे का लागले ते दिसेल.

आणि एक सांगून ठेवते, म्हणजे ऐन वेळी गडबडायला नको. डेबिटचा दर नियमात आणा म्हटल्यावर बँकेचा माणूस म्हणेल, ‘मग क्रेडिटचा रेट वाढवावा लागेल.’ घाबरू नका. हिशेब करून ठेवलाय मी. डेबिट नियमात बसल्यावर क्रेडिटचा दर १.९ वरून अडीच टक्क्यांच्या पुढे गेला, तरच तुम्हाला आजच्यापेक्षा जास्त मोजावे लागतील. २.१ म्हणाला तरी तुम्ही फायद्यातच आहात. पण २.१ ला लगेच मान डोलवू नका. करंट अकाउंट त्याच शाखेत, मागाचं कर्ज त्याच शाखेत, ४८ लाखांची उलाढाल त्याच मशीनवर, एवढं वजन तुमच्याकडे आहे. दुसऱ्या बँकेचं लेखी कोटेशन आणून टेबलावर ठेवा. लेखी. तोंडी आकड्याला बँकेत कोणी विचारत नाही.

शेजारच्यांसारखे दोन टक्के वर लावायचे का? नाही, ताई. डेबिट कार्डावर तर हे चालतच नाही. एमडीआरचा बोजा गिऱ्हाइकावर टाकू देऊ नका, असं रिझर्व्ह बँकेने त्याच परिपत्रकात बँकांना बजावलंय. क्रेडिट कार्डासाठी तुमचा बँकेशी झालेला करारनामा काढून वाचा. कार्डवाल्याकडून जादा पैसे घेणार नाही असं कलम अशा करारात असतं. गिऱ्हाइकाने तक्रार केली तर मशीन काढून नेतील. शेजाऱ्यांवर आजवर कारवाई झाली नसेल, तरी त्यांच्या नशिबावर तुम्ही आपलं दुकान चालवू नका. शिवाय बाईमाणूस तासभर बसते, वीस पैठण्या उलगडते, नारळी काठ की मुनिया यावर सासूशी दोनदा बोलते, मनासारखी साडी निवडते आणि शेवटच्या क्षणी तुम्ही म्हणता ‘कार्डाला दोन टक्के जादा’. तिचा चेहरा कसा होत असेल, तो मी काउंटरच्या अलीकडून पाहिलाय. ती पैसे देते, पण पुन्हा येत नाही, आणि बहिणीलाही तुमचं नाव सांगत नाही.

दुसरा मार्ग आहे आणि तो सरळ आहे. पैठणीच्या दुकानात भाव थोडाफार उतरतोच. ते शेवटचे दोनशे-चारशे सोडायची वेळ येते, तेव्हा ते असेच सोडू नका. म्हणा, ‘यूपीआयने करता का? मग एवढे कमी करते.’ किंवा ‘रुपेचं डेबिट कार्ड आहे का तुमच्याकडे?’ हा प्रश्न दुकानात कोणी विचारत नाही, तो तुमच्या मदतनीस मुलीला पाठ करायला सांगा. पुष्कळांच्या पाकिटात सरकारी बँकेचं रुपे डेबिट कार्ड असतं आणि ते केवळ सवयीने दुसरं कार्ड काढतात. यूपीआयला साधारणपणे दिवसाला एक लाखाची मर्यादा असते, काही बँका त्याहून कमी ठेवतात, पण तुमच्याकडच्या बहुतेक साड्या त्यात बसतात. परदेशातून लग्नाला आलेल्या गिऱ्हाइकाचं इथे एनआरई किंवा एनआरओ खातं (परदेशी राहणाऱ्या भारतीयांचं इथल्या बँकेतलं खातं) असेल, तर अमेरिका, इंग्लंड, दुबई, सिंगापूर अशा काही ठिकाणच्या मोबाइल नंबरवरही आता यूपीआय चालतं. ते नक्की विचारा, कारण कार्डाच्या प्रकारानुसार दर लागले की परदेशी कार्ड तुम्हाला सगळ्यात महाग पडेल.

यूपीआयच्या बाबतीत एक खाच आहे. क्यूआर कोडवर आलेले सगळेच पैसे बिनखर्चाचे नसतात. सप्टेंबर २०२२ पासून रुपेचं क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं. गिऱ्हाईक तुमचा क्यूआर कोड स्कॅन करतं, स्पीकर पैसे आल्याचं ओरडतो, तुम्हाला वाटतं यूपीआय आलं. पण पैसे आले क्रेडिट कार्डातून. छोट्या दुकानदाराला दोन हजारांपर्यंत त्यावर काही लागत नाही, त्यापुढे मात्र लागतं. वॉलेटमधून आलेल्या दोन हजारांवरच्या रकमेचंही असंच आहे. तेव्हा क्यूआर कोडचं स्टेटमेंटही दर महिन्याला उघडून बघा. आणि ‘बँक खात्यातून करता का?’ एवढं विचारायला हरकत नाही.

कार्ड बंद करायचा विचार मनातून काढून टाका. पंधरा हजारांची पैठणी घ्यायला आलेली बाई अठ्ठावीस हजारांची घेऊन जाते, ती बऱ्याचदा कार्डामुळेच. दीड-दोन टक्के द्यावे लागतात, पण तेरा हजारांची विक्री वाढते. पैठणीतला तुमचा नफा तुम्हालाच माहीत, तरी हे गणित मांडून बघा. रोखीचाही खर्च असतो. तो दिसत नाही इतकंच. आणि सीएंना एक विचारा. तुम्ही अनुमानित उत्पन्नाच्या योजनेत कर भरत असाल तर त्यात रोखीच्या विक्रीवर ८ टक्के उत्पन्न धरतात आणि बँकेतून, कार्डातून आलेल्या विक्रीवर ६ टक्के. ४८ लाखांवर दोन टक्के म्हणजे ९६ हजारांनी धरलेलं उत्पन्न कमी. तुमचे हिशेब नेहमीच्या वहीखात्याने होत असतील तर हा मुद्दा लागू नाही.

झिरो चार्जेसवाल्या एजंटबद्दल मला थोडं सविस्तर सांगायचंय, कारण यात आमच्या घरचे पैसे गेलेत. माझ्या धाकट्या दिरांचं स्टेशनरीचं दुकान आहे. तिथे एका कंपनीचा माणूस असंच बिनखर्चाचं मशीन घेऊन आला. पहिले तीन महिने खरंच काही कापलं नाही. चौथ्या महिन्यापासून भाडं सुरू झालं, त्याच्या जोडीला ‘ठरावीक विक्री झाली नाही’ म्हणून आणखी एक रक्कम. दिरांनी वैतागून मशीन परत दिलं. घ्यायला आलेल्या मुलाने वहीत सही घेतली, त्यांच्या हातात मात्र काहीच दिलं नाही. पुढचे सात महिने खात्यातून भाडं कापलं जात होतं, कारण पहिल्या दिवशी फोनवर ओटीपी देऊन त्यांनी बँकेला दर महिन्याला पैसे कापायची कायमची परवानगी देऊन ठेवली होती. मशीन गेलं, परवानगी राहिली. मी स्टेटमेंट बघितलं तेव्हा हे उघडकीला आलं. बँकेत काम केलेली वहिनी घरात असताना असं व्हावं याचं मला फार वाईट वाटलं होतं.

त्यामुळे एजंट पुन्हा आला की त्याच्या झिरोवर चर्चा करू नका. भाडं कधीपासून आणि किती, महिन्याला किमान किती विक्री झाली पाहिजे, पैसे त्याच दिवशी खात्यात हवे असतील तर वेगळे किती, करार किती महिन्यांचा, मधे बंद केलं तर दंड किती, आणि डेबिट, रुपे, क्रेडिट, परदेशी यांचे दर वेगवेगळे किती, हे एका कागदावर लिहून सही मागा. बहुतेक जण तिथूनच मागे फिरतात. गिऱ्हाइकाकडून ‘सुविधा शुल्क’ घेऊ म्हणाला तर ते वर सांगितलेले दोन टक्केच आहेत, फक्त नाव वेगळं.

भाड्यावरून आठवलं. तुमच्याकडे दोन मशीनं आहेत. दुसरं पुण्या-मुंबईच्या प्रदर्शनांपुरतं वर्षातून दोनदा बाहेर निघतं आणि एरवी कपाटात असतं, असं तुम्हीच लिहिलंय. त्याचे महिन्याला जीएसटीसकट ७०८ रुपये, म्हणजे वर्षाला ८,४९६ रुपये. ते परत करा. प्रदर्शनाला दुकानातलं मशीन न्या आणि ते चार दिवस दुकानात क्यूआर कोडवर भागवा. परत करताना मशीनचा क्रमांक लिहिलेली पोच घ्या, खातं बंद केल्याचं पत्र घ्या आणि ती कायमची परवानगी रद्द झाली का हे बँकेत जाऊन बघा.

राहिला जीएसटी. तुमच्या १,२४,६०८ रुपयांत १९,००८ रुपये निव्वळ जीएसटी आहे. एमडीआरवरचा १६,४१६ आणि भाड्यावरचा २,५९२. तुम्ही नियमित जीएसटी भरता, कंपोझिशनमध्ये (छोट्या व्यापाऱ्यांच्या ठोक कराच्या योजनेत) नाही. मग हे पैसे तुमचा खर्च नाहीतच. साड्यांवर जो कर तुम्ही भरता, त्यातून ते वजा करून घ्यायचा तुम्हाला हक्क आहे. पण फोटोत मला दुकानाचा जीएसटी नंबर कुठे दिसला नाही. त्या जागी रिकामा रकाना आहे. मशीन घेताना तो दिलाच नसावा. नंबर नसेल तर बँकेचं बिल तुमच्या जीएसटीआर-२बी मध्ये (जीएसटी पोर्टलवर तुमच्या नावे आलेल्या बिलांच्या यादीत) येत नाही, आणि तिथे आलं नाही तर सीएंना ते घेता येत नाही. म्हणून त्यांनी सगळी रक्कम खर्चात धरली असावी. उद्याच बँकेला नंबर लेखी कळवा आणि मागच्या वर्षाची बिलं त्या नंबरावर दुरुस्त करून मागा. मागच्या आर्थिक वर्षाचं हे क्रेडिट (म्हणजे जीएसटीची ही वजावट) घ्यायला येत्या ३० नोव्हेंबरपर्यंत मुदत असते, पण वार्षिक रिटर्न त्याआधी भरलंत तर तिथेच मुदत संपते. म्हणून सीएंना आजच फोन करून सांगा की तो आकडा वहीत पक्का करू नका, थोडं थांबा. नियमाबाहेर कापलेली रक्कम बँकेने जीएसटीसह परत केली, तर तेवढं क्रेडिट मात्र घ्यायचं नाही. हेही त्यांना सांगून ठेवा.

नणंदबाईंचं प्रकरण तुमच्यापेक्षा सोपं आहे आणि त्यांचं नुकसान टक्क्यांत तुमच्याहून मोठं. डेबिटला ०.४० च्या जागी १.९, म्हणजे जवळजवळ पाचपट. त्यांनी मागच्या वर्षीची उलाढाल २० लाखांच्या आत असल्याचा पुरावा बँकेला द्यावा. रिटर्नची प्रत चालेल, नाहीतर सीएंचं पत्र. बँकेने त्यांना मोठ्या दुकानांच्या गटात टाकलंय का, हेही विचारावं. त्यांच्याकडच्या पर्स आणि बटवे बहुतेक दोन हजारांच्या आतले असतील. दोन हजारांपर्यंतच्या कार्ड व्यवहाराच्या एमडीआरवर जीएसटी लागत नाही. तो लावलाय का, हे त्यांच्या स्टेटमेंटमध्ये बघा आणि लावला असेल तर अर्जात तेही घाला. त्यांचा अर्ज वेगळा करा, त्यांच्या दुकानाच्या नावाने. एकाच कागदावर दोन दुकानं आली की बँकेत तो कागद कुठल्या फायलीत लावायचा यावरच महिना जातो.

अर्ज दिलात की शिक्क्याच्या प्रतीचा फोटो मला पाठवा. आणि जुलैचं स्टेटमेंट आलं की त्यात रुपे डेबिटच्या ओळीसमोर शून्य पडलंय का, ते आधी बघून कळवा.